थेंब लिहिण्याचा हक्क

शेवगाव,
१९ जानेवारी २०२५

रश्मी,

जय भीम. आशीर्वाद आहेतच, मी रागात असलो तरी ते बंद होत नाहीत. फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तू म्हणतेस "आप्पा, ओरडू नका", आणि मी आणखी ओरडतो. म्हणून कागद घेतला. प्रवीण फोटो काढून तुला पाठवेल. तुझ्या भावाने वाचला तरी हरकत नाही, त्याला आपलं भांडण तसंही पाठ आहे.

नीट पोचलीस का? न्यूझीलंडच्या विमानतळावर शेंगदाण्याची चटणी काढून तर घेतली नाही ना? तुझी आई त्याच काळजीत आहे. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि भिंतीकडे बघून म्हणते, "जेवायचं असंल तर जेवा."

मंगळवारी ओट्यावर जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, पण चुकलं असं वाटत नाही. हे दोन्ही एकदम होऊ शकतं. आधी माझी बाजू ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण.

तू चार वर्षांनी आलीस. सकाळपासून ओट्यावर बाया बसलेल्या. रंगनाथभाऊची पोरगी फॉरेनहून आली, डोळे बघती म्हणून. मी आतून बघत होतो आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं. मग पुंजारामची सून ज्योती आली. डोळा लाल, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही. तू मोबाईलचा उजेड मारलास, विचारलंस, "काही लागलं का डोळ्याला?" ती म्हणाली, "न्हाई ताई, काय न्हाई लागलं." आणि तू चिठ्ठी लिहून दिलीस. सूज उतरवणारा थेंब. स्टेरॉईड.

मी बाहेर आलो आणि तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन फाडली. बारा बायांसमोर.

अगं, तू तिचा डोळा बघितलास, मी तिचे हात बघितले. कोपरापर्यंत बारीक ओरखडे. उसाचं पातं अंगावर ओढलं गेलं की तसे उठतात. ती चार दिवसांपूर्वी जनावरांना उसाचं वाढं आणायला तुटलेल्या फडात गेली होती. पातं डोळ्याला घासलं असणार. पण आपल्याकडच्या बाईला विचारलंस काही लागलं का, तर ती न्हाईच म्हणणार. दगड लागतो, काटा लागतो. पातं दिवसातून पन्नास वेळा तोंडावर येतं, ते कोण मोजतंय? मी कधीच विचारत नाही काही लागलं का. मी विचारतो, "परवा कुठल्या रानात होतीस?" आणि तिने तोंड उघडायच्या आत हात बघतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासता तपासता तेहतीस वर्षांत शिकलो.

पात्यावर बुरशी असते. बुबुळाला ओरखडा आणि त्यावर स्टेरॉईड म्हणजे बुरशीला खतपाणी. हे तुला माहीत आहे, तुझ्या परीक्षेतही आलं असेल. पण तुझ्या त्या गावात ऊस नाही, मेंढ्या आहेत.

तू म्हणालीस, "आप्पा, मी कायद्याने औषध लिहिते. माझ्या सहीवर दुकानात थेंब मिळतात. तुम्हाला तेहतीस वर्षांत जे लिहिता आलं नाही ते मी रोज लिहिते, त्याचा राग आहे तुम्हाला." मी म्हणालो, "इथं तू पाहुणी आहेस. पाहुण्याने जेवावं आणि जावं." तू न जेवताच गेलीस.

तेवढं एक वाक्य मी परत घेतो. बाकी एकही घेत नाही.

ज्योतीचं ठीक आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
आप्पा


शेवगाव,
९ फेब्रुवारी २०२५

रश्मी,

तुझं उत्तर नाही. पण प्रवीण म्हणाला, पत्राच्या फोटोला दोन निळ्या खुणा आल्यात. म्हणजे वाचलंस. तेवढं पुरे.

मी एक उद्योग केला. प्रवीणला म्हटलं, तुझ्या दुकानातल्या त्या कॉम्प्युटरवर बघ, जगात डोळे तपासणाऱ्या पण डॉक्टर नसलेल्या माणसाला, म्हणजे तुझ्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टला, कुठे काय करू देतात ते. दोन दिवस तो मला वाचून दाखवत होता. गिऱ्हाइकं आधार कार्ड घेऊन ताटकळली, पण मी काही उठलो नाही.

काय एकेक तऱ्हा आहे गं! अमेरिकेत राज्याराज्याचा कायदा निराळा. काही राज्यांत तुझ्यासारखी शिकलेली माणसं डोळ्यात लेसर मारतात, आणि हद्द ओलांडली की त्याच माणसाला लेसरला हात लावायची चोरी. म्हणजे पाथर्डीत चालतं आणि शेवगावात चालत नाही असं झालं. इंग्लंडात थेंब लिहायचे तर शिक्षण झाल्यावर आणखी वेगळं शिकून परीक्षा द्यावी लागते. नायजेरियात तुमची माणसं डोळ्यांची दुखणी औषधाने बरी करतात. फ्रान्सात उलट, चष्म्याचा नंबर काढायलाही बहुतेक डॉक्टरच लागतो. आणि न्यूझीलंडात तर दहा वर्षांपूर्वीच कायदा करून तुमच्या हातात औषधाची सही दिली. आपल्याकडे दोन हजार एकवीसच्या कायद्यात तुमचं नाव आलं, मान आला, औषधाची सही काही आली नाही.

हे सगळं मी कानिफनाथच्या हॉटेलात सांगितलं. तो चहा गाळायचा थांबला. म्हणाला, "भाऊ, मंग मानसाचा डोळा देशागनिक बदलतो व्हय?"

मी म्हटलं, "डोळा तोच रे बाबा. कुणाच्या हातात कुठली बाटली द्यायची ते सरकार ठरवतं."

"आन आपल्या रश्मीच्या हातात?"

"तिच्या हातात काचबिंदूचीसुद्धा. तिथले गोरे म्हातारे तिच्यासमोर हनुवटी टेकवून बसतात आणि ती सांगेल तो थेंब घालतात."

रश्मी, मी भर ओट्यावर तुझी चिठ्ठी फाडली आणि भर हॉटेलात तुझा डंका पिटला. तुझा बाप असा आहे, त्याला इलाज नाही. माझ्या वडिलांना सरकारी दवाखान्यात पायरीखाली उभं राहून औषध घ्यावं लागलेलं आहे. मी त्याच दवाखान्यात खुर्चीवर बसून लोकांचे डोळे तपासले. आणि तू समुद्रापलीकडे सही करतेस. मला राग असेल कशाचा? मला तर ते लोकांना सांगताना शब्द पुरत नाहीत.

मी सध्या नगरच्या नेत्ररुग्णालयाच्या संस्थेने चालवलेल्या दृष्टी केंद्रात जात नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षं रोज गेलो, आता जरा विश्रांती. नगरला मात्र दर दोन-तीन दिवसांनी जावं लागतं, एक काम आहे. ज्योतीलाही नगरला दाखवून आणलं. वेळ लागेल म्हणाले.

तुझी आई आता माझ्याकडे बघून बोलते. बोलते म्हणजे घालूनपाडून बोलते, पण बघून.

तुझा,
आप्पा


शेवगाव,
२६ फेब्रुवारी २०२५

रश्मी,

हे पत्र मी लिहिणार नव्हतो. पण आज सकाळी कानिफनाथ हसत आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "आईचा डोळा आला हुता, ताईला मेसेज टाकला, ताईनं लगीच थेंबाचं नाव धाडलं. लई भारी काम झालं." मी त्याचा मोबाईल हातात घेऊन ते नाव खोडलं आणि त्याच्या आईला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. तिचं साधं निघालं. पण पुढचं साधं निघेलच असं नाही. म्हणून आता सगळं सांगतो.

ज्योतीचं ठीक नाही. पहिल्यापासून नव्हतं. मी तुझ्याशी दोन पत्रं खोटं बोललो.

मी चिठ्ठी फाडली, पण तिच्या नवऱ्याने, भागवतने, त्याआधीच चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला होता. तो रेशनच्या पावतीचाही फोटो काढतो. माझी पाठ फिरल्यावर मेडिकलवाल्याला फोटो दाखवून त्याने थेंब आणले. त्याला वाटलं, रंगनाथभाऊ पोरीवर जळतो, म्हणून फाडली. न्यूझीलंडचं औषध वाया का घालवा? दिवसातून सहा वेळा घातलं. पहिल्या दिवशी लाली उतरली, तर घरात सगळे खूश.

मी त्याच दिवशी ज्योतीला म्हटलं होतं, उद्या तुला नगरला नेतो. तू निघून गेलीस आणि मी दार लावून बसलो. तीन दिवस. तुझा राग, माझा राग, तुझ्या आईचा अबोला. पोरीचा डोळा पलीकडच्या घरात सडत होता आणि मी रुसून बसलो होतो. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी पुंजाराम बोलवायला आला. गेलो तर बुबुळावर पांढरा डाग, मसुराएवढा, कडा फिसकटलेल्या. मी लगेच ओळखलं.

जीप करून नगरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी डाग खरवडून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बुरशीच. मग त्यांनी विचारलं, आतापर्यंत काय घातलं? मी थेंबाचं नाव सांगितलं, किती वेळा तेही सांगितलं. औषधाच्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं, "कुणी दिलं हे?"

मी म्हटलं, "मी."

वीस वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतो, रश्मी. मोतीबिंदूच्या शिबिरांत ते ऑपरेशन करायचे आणि मी माणसं तपासून त्यांच्यापुढे बसवायचो. मी स्वतःच्या मनाने एकही थेंब कुणाला लिहिला नाही, ही माझी सगळ्या तालुक्यात ओळख. त्यांनी लिहितं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "रंगनाथराव, तुम्ही?" दुसऱ्या दिवशी संस्थेने मला घरी बसायला सांगितलं. विश्रांती कसली डोंबलाची.

तू विचारशील, का सांगितलं असं? मला भीती वाटली. तुझी सही जाईल, तिथले लोक तुझ्यावर काहीतरी करतील. आणि दुसरं म्हणजे ते निम्मं खरंच होतं. तू मोबाईलच्या उजेडात बघून घाई केलीस, मी दार लावून उशीर केला. तिच्या डोळ्याने दोघांचं फळ भोगलं.

आता पाच आठवडे झाले. सुरुवातीला दर तासाला थेंब होते, आता थोडे कमी केलेत. डाग वाढायचा थांबलाय, पण भरून येतोय की नाही ते अजून कळत नाही. भरला नाही तर दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागेल. ज्योती सव्वीस वर्षांची आहे. तिची मुलगी अंगणवाडीत जाते. ज्योती मला म्हणते, "भाऊ, खरं सांगा, मला दिसंल ना?" मी तेहतीस वर्षं लोकांना खरं सांगत आलो आणि तिला म्हणतो, "दिसंल की!"

तुला रडवायला हे लिहिलेलं नाही. फक्त एवढं ऐक. तुझा हक्क तुझ्या यंत्रासकट आहे, तुझ्या खोलीसकट आहे, समोर बसलेल्या माणसासकट आहे. मोबाईलवर येणाऱ्या लाल डोळ्यांना नाव धाडू नकोस. त्यांना म्हण, रुग्णालयात जा. बास.

आईला यातलं काही माहीत नाही. प्रवीणला आता कळेल, कारण फोटो तोच काढणार. काढ रे बाबा, आणि तोंड बंद ठेव.

तुझा,
आप्पा


शेवगाव,
६ एप्रिल २०२५

रश्मी,

कुणी सांगितलं होतं गं तुला हे करायला?

मला काही पत्ता नाही, आणि मोठे डॉक्टर मला आत बोलावून म्हणतात, "रंगनाथराव, बसा. तुमच्या मुलीचा फोन आला होता. अर्धा तास बोलत होती. थेंब तिने लिहिला होता." म्हटलं, साहेब, ती भावनेच्या भरात बोलली असेल. तर म्हणाले, "भावनेच्या भरात कुणी दिवस, वेळ, थेंबाची ताकद आणि आपण काय काय तपासलं नाही याची यादी देत नाही." पुढे म्हणाले, तू तिथल्या तुझ्या वरिष्ठ बाईंनाही स्वतःहून सांगितलंस. संस्थेलाही लिहिलंस.

मग माझी खरडपट्टी काढली. म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात त्याचा मला जास्त राग आहे. मी दोन महिने तुमच्याविषयी वाईट विचार करत होतो." मी मान खाली घालून ऐकलं. बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहून हसलो. एक नर्स विचारत होती, काका, बरं वाटतंय ना? म्हटलं, लई बरं वाटतंय.

संस्थेने मला परत बोलावलंय. पहिल्या दिवशी समज दिली, दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं तपासायला दिली.

आता ज्योतीचं. शुक्रवारी आम्ही दोघं एसटीने नगरला गेलो. आता जीप लागत नाही, यावरून ओळख. डाग भरून आलाय. बुबुळाच्या कडेला ढगासारखी खूण राहिली आहे, ती जन्मभर राहील, पण मधला भाग वाचला. चांगला डोळा झाकून तिला तक्त्यासमोर बसवलं. मी दाराशी उभा. वरचं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ. चौथीला थांबली. तिने डोकं जरा वाकडं केलं आणि चौथी वाचली, पाचवीही वाचली. सहावीत दोन चुकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, रडताय का? मी वाचलं ना." मी म्हटलं, मी रडत नाही, इथं फिनाईलचा वास फार आहे.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, आता हिला सांगायचं. डॉक्टरांना कळलं, संस्थेला कळलं, जिचा डोळा जात होता तिला अजून मीच सांगितलेलं नाही. भिंगार गेलं, करंजीचा घाट गेला. मोठ्या डॉक्टरांसमोर खोटं बोलायला अर्धा क्षण लागला होता, आणि त्या पोरीसमोर खरं बोलायला तिसगावापर्यंत धीर होईना. शेवटी म्हटलं, "ज्योती, तो थेंब..."

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "म्हाईत हाय भाऊ. ताईंनी सोता फोन केल्ता मला. म्हैना झाला."

महिना झाला. म्हणजे माझं पत्र पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा डोळा राहतो की जातो हे कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हनल्या, माझ्या चुकीनं तुझ्या डोळ्याचं असं झालं. मी घाई केली. तुला काय बोलायचं ते बोल."

"मग तू काय बोललीस?"

"लई बोलले भाऊ. तोंडाला यील ते बोलले. तुमी तिकडं जाऊन शानपन शिकला, आन माझ्या डोळ्यावर करून बघितलं, आसं बोलले. तुमचा डोळा गेला म्हंजी कळंल, आसं बी बोलले." तिने पदराने तोंड पुसलं. "लई वंगाळ बोलले. मला वाटलं, आता ठिवत्याल फोन. तर न्हाई ठिवला. समदं ऐकून घेतलं. मी दमले, मंग इचारलं, आज थेंब किती वेळा घातला? तवापासून रोज इचारत्यात. एक दिवस चुकला न्हाई."

अमरापूर येईपर्यंत मी तिची थेंबांची पिशवी मांडीवर धरून बसलो.

रश्मी, तुझ्या सहीचा मला अभिमान होता. हॉटेलात बसून मी त्याचाच डंका पिटत होतो, कुठल्या देशात कुणाला काय लिहू देतात. पण ज्या बाईचा डोळा आपल्या हातून जाऊ शकतो तिला आपणच फोन करायचा, तिच्या शिव्या खायच्या, आणि तिचं बोलून संपलं की विचारायचं, आज थेंब घातला का? हे करायला कुठल्या देशाचं सरकार परवानगी देत नाही आणि अडवतही नाही. हे ज्याचं त्याने करायचं असतं. तेहतीस वर्षांत माझ्याने ते झालं नाही. माझ्या हातूनही चुका झाल्या होत्या, पोरी, दोन-तीन तर मला नावागावासकट आठवतात. मी त्यांच्या दारात कधी गेलो नाही.

ज्योती अमरापूरला तिच्या मावशीकडे उतरली. उतरताना म्हणाली, "भाऊ, ताईला सांगा, आज पाचवी वळ वाचली. मीच सांगनार हुते, पन त्या रडत्याल आन मला बी रडवत्याल." म्हणून मी सांगतोय. पाचवी ओळ, पूर्ण. सहावीत फक्त दोन चुकली.

तुझा,
आप्पा